नाकापासून निघालेल्या पेशी

मरळ माशाचा मेंदू चिंचोक्याएवढा असतो, फक्त थोडा लांबट. कवटीचं हाड वरून हळूहळू तासत गेलं की आत पांढुरक्या गाठींची एक रांग दिसते. नाकाकडच्या टोकाला दोन लहान गाठी, मागे दोन मोठ्या, त्यांच्याही मागे डोळ्यांसाठीच्या आणखी मोठ्या. सगळ्यांच्या खाली लटकते ती पियुषिका ग्रंथी. मेंदू उचलताना ती हमखास तुटते आणि कवटीतच राहते. ती न तुटता सबंध मेंदू बाहेर काढायला शिकण्यात माझे बरेच महिने आणि बऱ्याच मरळी गेल्या.

हे नव्वदीच्या दशकातलं. मी महाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएचडीसाठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नाव घातलं होतं. तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं, आणि वडील गेल्यापासून आई आणि मी चवदार तळ्याजवळच्या एका भाड्याच्या घरात राहत होतो. माझा विषय सांगायला सोपा होता, पण सांगितला की समोरचा माणूस गप्प व्हायचा. माशाच्या मेंदूत प्रजननाचं संप्रेरक सोडणाऱ्या पेशी नेमक्या कुठे कुठे पसरलेल्या असतात, हे मला शोधायचं होतं. या पेशी संख्येने अगदी थोड्या असतात, पण त्यांच्या हुकमाशिवाय काही चालत नाही. त्या पियुषिकेला सांगतात, पियुषिका अंडाशयाला किंवा वृषणाला सांगते, मग मासा वयात येतो, अंडी धरतो. आईने एकदा शेजारणीला समजावून सांगताना ऐकलं होतं, "मासे कधी गाभण राहतात त्याचा अभ्यास करते." मी दुरुस्त केलं नाही.

मासे माझा मामेभाऊ आणायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपल्यावर चढून जावं लागतं अशा वाडीत मामाचं घर. नाचणी, थोडा भात, म्हशी, शेळ्या. भाऊ माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तो खालच्या ओढ्याच्या डोहात गरी टाकून मरळी धरायचा आणि पत्र्याच्या डब्यात बोटभर पाण्यात घालून एसटीने महाडला घेऊन यायचा. मरळ तेवढ्या पाण्यात तासन्‌तास तगते, वरची हवा घेते. कंडक्टरशी डब्यावरून त्याची नेहमी हुज्जत व्हायची. घरी आला की डबा मोरीत ठेवायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि कधी कधी दिवसभर राहायचा.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. पंचविशी आली तरी त्याला दाढी-मिशी फुटली नव्हती. आवाज शाळकरी पोरासारखा. चेहरा गुळगुळीत. उंची मात्र वाढतच होती. वीस वर्षांचा झाल्यावरही त्याच्या पँटी आखूड व्हायच्या आणि हात तर इतके लांब की गुडघ्यापर्यंत आल्यासारखे वाटत. शिमग्यात वाडीतले लोक दरवर्षी त्यालाच राधा करायचे. बाकीच्यांना दाढी घोटून, पावडर फासून उभं करावं लागे. त्याला नुसतं लुगडं नेसवलं की झालं. तो नाचायचाही सुंदर. लोक टाळ्या वाजवायचे आणि मागे कुजबुजायचे. धाकट्या भावाचं लग्न त्याच्या आधी झालं, तेव्हा मांडवात तो पाणी वाढत होता. मामीने नवस केले होते, मामाने एका वैदूचं औषध आणलं होतं. मग दोघांनीही तो विषय सोडून दिला.

एका रविवारी घरात फॉर्मॅलिनची बाटली फुटली. मेंदू टिकवायला लागायचं म्हणून मी ती कपाटाखाली ठेवत असे. आईचा पाय लागला आणि सगळं फरशीवर. आई पदर नाकाला लावून बाहेर पळाली, मी खिडक्या उघडल्या, शेजारचे ओरडू लागले की गॅस सुटलाय का. भाऊ मात्र फडकं घेऊन खाली बसला आणि पुसायला लागला.

"अरे ऊठ, बाहेर ये," मी दारातून ओरडले. "वासाने मरशील."

"कसला वास?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "डोळं झोंबतात नुसतं. वासबीस काय नाय येत."

आई बाहेरूनच म्हणाली, "त्याला कधीच येत नाही. लहानपणापासून असाच आहे. दूध करपलं तरी तिथेच बसून राहतो, तुझी मामी केवढी चिडते त्याच्यावर."

मला हे माहीत नव्हतं. ऐकलं आणि विसरले. त्या वेळी फरशी जास्त महत्त्वाची होती.

सुट्ट्यांमध्ये मी मुंबईला जाऊन काप रंगवत असे. मेंदू मेणात घालून त्याचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जातील. मग त्यांच्यावर असं द्रव्य घालायचं जे फक्त त्या एका संप्रेरकालाच जाऊन चिकटतं, आणि शेवटी रंग. जिथे ती पेशी असेल तिथे तपकिरी ठिपका. पहिले कितीतरी काप कोरेच निघाले. एक दिवस ठिपके निघाले. मेंदूच्या बुडाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं पुढे, पाच-सहा पेशी, प्रत्येकीला लांब शेपूट. मी माझ्या मार्गदर्शक बाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, "आता पुढचे काप बघ. नाकाकडचे."

नाकाकडच्या कापांतही त्या होत्या. वासाच्या नसेच्या कडेने, माळेतून मणी ओघळावेत तशा.

"या इथे काय करतायत?" मी विचारलं. "यांचं काम तर मागे आहे."

"या जन्मतातच नाकापाशी," बाई म्हणाल्या. "पिल्लू अंड्यात असताना नाकाच्या जागी तयार होतात आणि नसेच्या आधाराने चालत चालत मेंदूत शिरतात. माशात काही नाकापाशीच राहतात, त्यांचं तिथेही काम असतं. पण उंदरात, माणसात, वाट तीच. ग्रंथालयात जाऊन वाच."

मी वाचायला गेले. तिथे एका लेखात, माशांचा विषय संपून माणसांचा आला तिथे, दोन परिच्छेद होते. काही माणसांत या पेशी नाकापाशीच अडकतात, मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. वासाच्या नसांची वाढही झालेली नसते. अशी माणसं वयात येत नाहीत आणि त्यांना वास येत नाही. पुढे लिहिलं होतं की हातपाय उंचीच्या मानाने लांब राहतात, कारण हाडांची वाढ थांबवणारं संप्रेरकच नसतं.

मी लेख मिटला. पुन्हा उघडला. त्या आखूड झालेल्या पँटी आणि फडकं धरलेले लांब हात माझ्या डोळ्यांसमोर आले. मग शेवटची ओळ वाचली. उपचार होता. इंजेक्शनं.

महाडला येताना एसटीत मी स्वतःलाच बजावत होते की मी डॉक्टर नाही, माशांवर काम करते. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईला सांगितलं. आईने भाजी चिरणं थांबवलं नाही.

"तू यात पडू नको," ती म्हणाली. "तुझ्या मामाला किती लागेल. इतक्या वर्षांनी झाकलेलं उघडायचं."

"झाकलेलं कुठे आहे? दर शिमग्याला लुगडं नेसवून नाचवतात त्याला."

आईने चिरलेली भाजी पातेल्यात सारली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आधी त्यालाच विचार. मामाला नको."

मी मात्र ते ऐकलं नाही. मला वाटलं मामाला सांगितलं की तो आनंदेल. पुढच्या रविवारी वाडीवर गेले आणि ओसरीवर बसलेल्या मामाला सगळं नीट समजावून सांगितलं, पेशी, नाक, मेंदू, सगळं. मामाने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"म्हंजे माज्या पोरात खोट हाय, असं तू सांगायला आलीस."

"खोट नाही मामा. आजार आहे. औषध आहे त्याला."

"तुज्या कालेजात मासं कापतेस ते काप. माज्या पोराला कापू नको." मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "आन्‌ लग्नाचं बोलायला आलीस, तर आधी सवताचं बघ गो बाय."

मामी दाराआड उभी होती. मी चहा न पिता उठले.

उतरणीच्या वाटेवर भाऊ म्हशी घेऊन येत होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने म्हशी पुढे जाऊ दिल्या आणि दगडावर बसला. मीही बसले. त्याच्याशी असं बोलायची मला सवय नव्हती. मी मोठी बहीण, त्यात बाई. मी पायाखालच्या मातीकडे बघत सांगितलं. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे माजं नाकातच आडाकलंय?"

"तसं वाटतंय मला. तपासल्याशिवाय कळणार नाही."

"आन्‌ हे तुला मरळीत दिसलं?"

"मरळीत रस्ता दिसला. बाकीचं वाचलं."

तो हसला. मग हसू थांबलं आणि तो म्हशींकडे बघत राहिला. "ताय, मला वाटायचं माज्यात मानूसच नाय पुरता," तो म्हणाला. "देवानं आरधं करून सोडलंय. आजार हाय असं कुनी बोललंच नाय कधी."

त्याने उठून पुढे गेलेल्या म्हशींना हाक घातली.

"मला दाखव आधी," तो म्हणाला. "ते मरळीतलं."

म्हणून तो एका सुट्टीच्या दिवशी कॉलेजात आला. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. मार्च महिना होता, तळ्यावर अभिवादनाला आलेल्या लोकांनी गाव भरलं होतं, रस्त्यावर भाषणांचा आवाज येत होता. मी सूक्ष्मदर्शक लावला, कापाची काचपट्टी सरकवली. त्याला एक डोळा मिटून बघायला जमेना. शेवटी हाताने झाकला. बराच वेळ त्याला काहीच दिसत नव्हतं, मग एकदम म्हणाला, "हां, हां. मुंगीसारखं. वळीनं चाललंय."

"ही तू आणलेल्या मरळीचीच."

"आन्‌ माज्या डोक्यात ह्या नायत?"

"असतील. पण पोचलेल्या नसतील."

त्याने पुन्हा डोळा लावला. "जाऊ या," तो म्हणाला. "कुठं जायचं ते सांग. बाबाला मी बघतो."

मामाला त्याने काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. बाजाराला जातो म्हणून आला असेल. आम्ही मुंबईला एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरांचं नाव माझ्या बाईंनी सुचवलं होतं. वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला आत बराच वेळ ठेवलं. नंतर मलाही बोलावलं. टेबलावर लहान लहान बाटल्या होत्या. कॉफी, लवंग, रॉकेल. त्याने एकेक नाकाशी धरली आणि मान हलवली. काही नाही. शेवटच्या बाटलीला मात्र तो दचकून मागे सरला, डोळे भरून आले.

"हा अमोनिया," डॉक्टर म्हणाले. "तो झोंबतो, त्याला वासाची नस लागत नाही. यालाही दचकला नसता तर मी म्हणालो असतो, सोंग करतोय."

"सोंग शिमग्यात करतो साहेब," भाऊ म्हणाला. डॉक्टर पहिल्यांदा हसले.

टेपने त्याचे पसरलेले हात मोजले. रक्त घेतलं. डोक्याचा फोटो काढायला दुसरीकडे पाठवलं. काही दिवसांनी परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि पेनच्या टोकाने नाकाच्या वरची जागा दाखवली. तिथे ज्या दोन गाठी असायला हव्यात त्या नव्हत्या. मी माशांत त्याच गाठी रोज पाहत होते. विकाराला एक लांबलचक नाव होतं. भावाने ते पाठ करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"औषध आयुष्यभर घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "हाडंही ठिसूळ झालीत, ती सुधारतील. आवाज बदलेल, दाढी येईल."

"आन्‌ वास?"

"तो नाही येणार."

"मग ऱ्हाऊ दे. त्येचं काय अडत नाय," तो म्हणाला.

इंजेक्शनं पोलादपूरच्या एका डॉक्टरकडे सुरू झाली. पहिले काही महिने काहीच दिसलं नाही. मग आवाज फाटला. पंचविशी उलटलेल्या माणसाचा आवाज फाटताना मी पहिल्यांदा ऐकत होते; एका वाक्यात तीन आवाज. त्या सुमारास वाडीच्या खालच्या दुकानात नवा फोन बसला होता. तिथून त्याने आईला फोन केला तर आईने "कोण पाहिजे आपल्याला?" म्हणून ठेवून दिला. चिडकाही झाला. एकदा धाकट्या भावाच्या अंगावर धावून गेला आणि नंतर आमच्याकडे येऊन दिवसभर मान खाली घालून बसला. "पंधरा वर्साच्या पोराला जे व्हतं ते मला आत्ता व्हतंय," तो म्हणाला. "तेवा मार खाऊन सुटलो असतो. आता कोन मारनार?" मधे त्याने एक हंगाम इंजेक्शनं सोडलीही. नांगरणीला अंगात जोर राहीना तेव्हा पुन्हा सुरू केली.

दाढी आली. विरळ, पण आली. वाडीत काय चर्चा झाली असेल ती झाली. मामीने ग्रामदेवीला साडी नेसवली आणि नारळांचं तोरण बांधलं. सगळ्यांना सांगितलं की देवीने ऐकलं. भावाने मला विचारलं, "तुला राग नाय ना आला?" मला नव्हता आला. मामीने त्या दारामागे उभं राहून काय काय ऐकलं होतं ते मी पाहिलं होतं. मामा माझ्याशी बोलेनासा झाला होता, तो तसाच राहिला. आईशी बोलायचा, माझ्याकडे पाहून मान वळवायचा. त्या शिमग्याला राधा दुसरंच कुणी झालं. भाऊ म्हणाला ते पोर अगदीच कुचकामी होतं, त्याला गिरकीसुद्धा घेता येत नव्हती. हे सांगताना तो जरा हळहळला होता.

माझा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या अभ्यासाचा उपयोग काय. मी मत्स्यशेतीबद्दल सांगितलं, प्रेरित प्रजननाबद्दल सांगितलं. ते खरंच होतं आणि त्यांना तेच ऐकायचं होतं.

दोन हजार सालानंतर केव्हातरी भावाचं जमलं. नाते गावच्या बाजूची मुलगी. पहिल्या नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला होता, म्हणून ती माहेरी परतली होती आणि शिवणकाम करत होती. भावाने लग्नाआधी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मग ती एकटी आमच्या घरी आली. पाणी प्यायली, भिंतीवरच्या माशांच्या चित्राकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "ताई, तुमीच शोधलं ना ह्यांचं?"

मी समजावायला सुरुवात केली. पेशी कुठे तयार होतात, कुठे जातात. तिने मला थांबवलं.

"ते त्यांनी सांगितलंय मला, मुंग्यांचं. मला येवढंच इचारायचंय. इंजेशन जलमभर?"

"हो."

"आन्‌ थांबवलं तर?"

"ताकद जाईल. हाडं पुन्हा कमजोर होतील."

"पोरबाळ?"

"त्यासाठी वेगळी इंजेक्शनं लागतात. आठवड्यातून तीनदा, वर्ष-दीड वर्ष. तरीही सांगता येत नाही."

ती थोडा वेळ नखाने चटईची काडी सोलत राहिली. "पयल्या नवऱ्यात काय कमी नवतं," ती म्हणाली. "सगळं पोचलेलं व्हतं जिथल्या तिथं." मग उठली, आईच्या पाया पडली आणि एसटी चुकेल म्हणून घाईने निघून गेली. लग्न वैशाखात झालं, वाडीवरच. मामाने मला पंगतीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं, पण बोलला नाही.

त्या दोघांनी मुलासाठी ती वेगळी इंजेक्शनं केली. वाडीवर फ्रिज नव्हता, म्हणून औषधं आमच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे असायची. तो किंवा ती येऊन बर्फाच्या पिशवीत घालून न्यायचे. दीड वर्ष चाललं. नाही झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी करून बघता येईल. भावाने बायकोकडे पाहिलं, आणि तिने मान हलवून नको म्हटलं. इस्पितळातून बाहेर पडल्यावर दोघांनी रस्त्यावर उभं राहून वडापाव खाल्ला आणि परतीची गाडी धरली. हे त्यानेच मला सांगितलं. सांगताना रडला नाही. मी मात्र तो गेल्यावर फ्रिज उघडून उरलेल्या रिकाम्या खोक्यांकडे बघत उभी राहिले होते, एवढं आठवतं.

आता ते पोलादपुरात राहतात. वाडीवरून येणारं दूध गोळा करून हॉटेलांना घालतात. नासलेलं दूध ती हुंगून बाजूला काढते, तो कॅन उचलतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. त्याचा आवाज आता चांगलाच घोगरा झालाय. मामा गेल्यावर मामीही त्यांच्याकडेच आली. मागच्या वेळी मी गेले तेव्हा मामी ओट्यावर बसून सुनेला ओरडत होती की चहात साखर जास्त झालीय, आणि सून म्हणत होती, "प्या गपचूप, तुमाला काल कमी लागली व्हती."